मिश्रीचा आळ

माझा स्वभाव वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारी गोड बोलत होती आणि मधेच पिसाळली. मी पहिल्यापासून अशीच आहे. ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे, त्या दिवसांत माझ्या पोटात एक जखम होती आणि ती आतल्या आत रक्त गाळत होती. आणि आमच्या घरात भांडण कशावरून चाललं होतं? तर म्हातारी चोरून मिश्री लावते, यावरून. या दोन गोष्टींचा संबंध होता, पण तो कुणाला दिसला नाही. मलाही दिसला नाही, पण मी निदान खोटं तरी बोलत नव्हते.

घर आमचं कासारवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मुलगा चाकणला एका कंपनीत लाइनवर, सून हिंजवडीत हिशेबाच्या कामाला. तो पहाटे कंपनीच्या बससाठी पळणार, ती कॅबची वाट बघत गेटपाशी उभी राहणार, आणि संध्याकाळी दोघंही ट्रॅफिकला शिव्या घालत घरात शिरणार. मधला सगळा दिवस माझा आणि नातीचा. पहिलीत होती ती तेव्हा. तिला बसमधून उतरवून घेणं, जेवू घालणं, वेणी, अभ्यास, रडणं, सगळं माझ्याकडे. तिच्यासाठीच मी जगत होते वगैरे असलं नाटकी बोलणं मला जमत नाही. पण ती शाळेतून आली की माझा दिवस सुरू व्हायचा आणि आईबापाकडे गेली की संपायचा, हे खरं.

मिश्री ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि सकाळी बोटानं दातांना चोळत बसायचं. आमच्या बीडकडे आई लावायची, मावश्या लावायच्या, मला कुणी शिकवावी लागली नाही. लग्न होऊन इकडे आले, भोसरीत एका शेडमधे रबरी रिंगांच्या कडा कापायच्या कामाला लागले. तिथे टेबलाभोवती बसणाऱ्या सगळ्याच बायका मिश्रीवाल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत भूक मारायला दुसरं होतं काय? मी तिला कधी व्यसन म्हटलं नाही. ते सून म्हणायची. ती या घरात आली त्याच आठवड्यात आमचं पहिलं तोंड वाजलं, ते तव्यावरून. ज्या तव्यावर मी तंबाखू भाजायचे, त्यावर तिनं चपाती टाकली आणि पहिल्या घासाला सगळं घर खोकायला लागलं. तेव्हापासून जे सुरू झालं ते काही थांबलं नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण आमची जरा जास्तच धुमसणारी.

मग माझ्या छातीत कळ आली. हातातून परात पडली, पीठ फरशीभर झालं, एवढंच आठवतं. दवाखान्यात नेलं, हृदयाची नस चोंदलेली निघाली, तिच्यात स्टेंट बसवला. घरी येताना गोळ्यांची ही एवढी पिशवी. त्यातली एक अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ ठेवायची, कायमची. आणि एक पोट सांभाळणारी, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. हार्टचा डॉक्टर माझ्याशी बोलला ते कॉम्प्युटरकडे बघून. तंबाखू बंद, तेलकट बंद, मीठ कमी. शी काळी झाली तर त्याच दिवशी इथे या, एवढं एक वाक्य बोलायला त्याच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं देव जाणे.

पोटाची ती गोळी काही महिन्यांनी बंद झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं मुलाला सांगितलं, ही तर अ‍ॅसिडिटीची आहे, जळजळ होत असेल तरच द्या. मुलानं मला विचारलं, "आई, जळजळ होते का गं?" मी म्हटलं, नाही. खरंच होत नव्हती. मग कशाला घ्यायची, म्हणाला. डॉक्टरला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हा उंटावरचा शहाणा काउंटरमागे बसून सांगतो काय, आणि माझा इंजिनाचे भाग जोडणारा मुलगा ते ऐकतो काय.

मिश्री मात्र मी स्वतः सोडली. कशी सोडली ते ऐका. दवाखान्यातून येऊन दोनेक दिवस झाले असतील. सून ओट्यापाशी उभी राहून नवऱ्याला सांगत होती, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बघ तू, महिन्याभरात परत डबी निघते की नाही." माझं डोकं फिरलं. नात तिथेच फरशीवर रंगवत बसली होती. मी तिला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "हिची शपथ. आजपासून मिश्रीला शिवले तर माझ्या नातीला..."

पुढचं तोंडातून निघायच्या आत सुनेनं पोर माझ्या हाताखालून हिसकून घेतली. "माझ्या लेकीला कशाला मधे घालता? शपथ घ्यायची तर स्वतःची घ्या ना." चेहरा पांढराफटक पडला होता तिचा. दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारी बाई, पण लेकराच्या डोक्यावरची शपथ मोडली की ती लेकराला बाधते, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं आणि माझ्या आईनं मला. आमच्या दोघींचं एकमत असलेली तेवढी एकच गोष्ट होती. आणि म्हणून तर मी ती शपथ घेतली. स्वतःची घेतली असती तर चार दिवसांत मोडली असती, माझं मला माहीत आहे.

डबी मी मोरीत रिकामी केली. हिरड्या ठणकल्या, पोट साफ होईना, कुणी हाक मारली तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. पण बोट दाताला लावलं नाही. खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते, मुसलमान, तिच्या नवऱ्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. आम्ही दोघी वर्षानुवर्षं सकाळी जिन्यात बसून मिश्री लावायचो. तिच्याकडे जाणंही मी बंद केलं, कारण वास आला की जीव कासावीस व्हायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर माझी शी काळी व्हायला लागली. हे वाचताना कुणाला किळस आली तर येऊ दे. मला नाही येत. साधी काळी नाही, डांबरासारखी, चिकट, आणि तिचा वासही वेगळाच. मला वाटलं काळा मसाला जास्त झाला. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून संडासात पाणी बेतानं टाकायचं हा घरातला नियम, आणि तो केला होता सुनेनंच. तेवढ्या पाण्यात ते डांबर जायचं नाही. माझ्यामागून ती आत गेली, आणि बाहेर आली ती तोंडावर ओढणी दाबून.

"आई, परत सुरू केलीत?"

"काय?"

"मिश्री. संडास बघा जाऊन. थुंकी गिळत असणार तुम्ही, आम्हाला कळू नये म्हणून. ती काळी पावडर सगळी पोटात चालली आहे."

मी म्हटलं, मी शिवलेली नाही. ती म्हणाली, मग काळं कशानं? तिचा आवाज चढला, रागानं की भीतीनं ते मला तेव्हा कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. "माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होतात तुम्ही," ती म्हणाली. "तिला परवा ताप आला होता. आता कळलं का आला ते."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिचे आईवडील अजून हयात आहेत.

त्या संध्याकाळी तिनं पोरीवरून मीठमोहरी उतरवली, आणि पुढच्या सोमवारपासून नातीला पाळणाघरात घातलं. शाळेची बस आता तिकडे थांबायची. खिडकीतून दिसायची मला ती बस, आमच्या गेटवरून न थांबता पुढे जाताना. घरात मी आणि टीव्ही. पोर रात्री जेवायला समोर असायची, पण माझ्या शेजारी बसायला निघाली की आईची हाक यायचीच, इकडे ये, हात धू, पाणी घे. चोर ठरवा, घरातून काढा, वृद्धाश्रमात टाका, मी तोंड देऊन उभी राहिले असते. पण माझी पोर माझ्यापासून तोडली, ते मला लागलं. असं लागलं की सकाळी उठून कुणासाठी स्वयंपाक करायचा हेच कळेना.

सुनेनं माझ्या ट्रंकेची झडती घेतली, उशीच्या खोळीची घेतली, देवघराच्या खणाचीही घेतली. मग ती खाली माझ्या मैत्रिणीकडे गेली, तिची उलटतपासणी घ्यायला. मैत्रीण दारातच म्हणाली, "तुझ्या सासूनं सोडल्यापासून मी एकटीच लावते गं. माझी पण मजा गेली." सूनबाई वर येऊन नवऱ्याला म्हणाली, एकाच माळेचे मणी.

आणि माझा मुलगा? तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, जाऊ दे ना. लावत असशील तर लाव, मी काही बोलणार नाही. फक्त कबूल कर, म्हणजे घरात शांतता होईल." याला म्हणतात पोटचा गोळा. सुनेनं आळ घेतला, पण यानं तर चोर ठरवून वर माफीही देऊन टाकली. सुनेपेक्षा त्या दिवशी मला त्याचाच जास्त राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

तोवर मला जिना चढवेनासा झाला होता. एका मजल्यावर थांबायचं, कठडा धरायचा, मग दुसरा. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. आरशात तोंड पिवळट दिसायला लागलं. पोटात दुखत मात्र नव्हतं, म्हणून पोटाकडे लक्षच नाही गेलं. वाटलं, हार्टचंच आहे, वय झालं. सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण सांगितलं की पहिला प्रश्न काय आला असता ते मला पाठ होतं. मेले तरी चालेल, पण हिच्या तोंडून तो ऐकणार नाही, असं मनाशी ठरवलं होतं, आणि ते खरं व्हायची वेळ आली होती.

एका शुक्रवारी मी पाळणाघरापर्यंत चालत गेले. म्हटलं, लांबून तरी बघू. नात झोपाळ्यावर होती, तिनं मला बघितलं आणि पळत येऊन जाळीला बिलगली. म्हणाली, "आजी, तू खोटं बोलणं सोडलं की मी घरी येणार आहे." कुणी शिकवलं होतं ते विचारायची गरज नव्हती. घरी येईपर्यंत तीन वेळा रस्त्यात बसावं लागलं, आणि बसल्या बसल्या मी ठरवलं काय करायचं ते.

सून कॅबमधून उतरून घरात आली तशी मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. म्हटलं, "उद्या-परवा तुला सुट्टी. आत्तापासून सोमवार सकाळपर्यंत मी तुझ्या डोळ्यांसमोरून हलणार नाही. दात घासताना समोर उभी राहा. झोपताना माझ्या शेजारी झोप. सोमवारी आपण दोघी मिळून बघू. शीचा काळा रंग गेलेला असला तर तो मिश्रीचाच होता, मी चोर, त्याच दिवशी बीडची गाडी धरते, परत तोंड दाखवणार नाही. शी काळीच राहिली तर पोर त्या दिवसापासून माझ्याकडे."

मला वाटलं होतं ती हसून झटकून टाकेल. ती चप्पल काढता काढता थांबली आणि म्हणाली, "ठीक आहे."

मग दोन दिवस जो पहारा झाला, तसा येरवड्याच्या जेलातही नसेल. मी दात घासते आहे आणि ही मोरीच्या दारात, हाताची घडी घालून. मी देवापुढे बसले की ही मागे सोफ्यावर. झोपायला माझ्या शेजारी गादी. माझ्या साडीचा पदर झटकून बघितला, कनवटी तपासली. मीही काही कमी नाही. तिनं डुलकी काढली की मी मुद्दाम खाकरायचे, म्हणजे उठून बघू दे. मुलगा दोन्ही दिवस ओव्हरटाइमला पळाला. शनिवारी दुपारी मेथी निवडताना ती मधेच म्हणाली, "तुम्हाला बसल्या बसल्या धाप का लागते?" मी म्हटलं, "तुझ्या पहाऱ्यानं." पण रविवारी आंघोळीचं पाणी तिनंच उचलून ठेवलं. ते मी बघितलं आणि दुर्लक्ष केलं.

दोन्ही दिवस मी जन्मात कधी मागितलं नव्हतं ते देवाकडे मागत होते. काळीच होऊ दे, माझ्या देवा. हसणाऱ्यानं हसावं. दुसरीकडे कुठे माझ्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी नव्हतं.

सोमवारी पहाटे मुलगा बससाठी निघून गेल्यावर मी संडासात गेले. काळी होती. आधीपेक्षा जास्त, आणि काठाला लालसर. मी पाणी टाकलं नाही. भिंतीला धरत उठले, दार उघडलं आणि हाक मारली, "सूनबाई, या. बघा."

ती आली. वाकून बघितलं. तोंडावर ओढणी नाही, नाक दाबणं नाही. बराच वेळ बघत राहिली, आणि मी तिच्याकडे. मला ते तोंड पडलेलं बघायचं होतं, त्यासाठी दोन दिवस काढले होते. मी म्हटलं, "दिसलं? डोळ्यात तेल घालून बसली होतीस ना? आता सांग, कुठून लावली मिश्री."

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "हे काय आहे?"

"ते मला विचारू नको. पोर आजपासून माझ्याकडे," असं मी म्हणायला लागले, पण किती शब्द तोंडातून निघाले माहीत नाही. भिंत सरकली आणि गालाला गार फरशी लागली. जिंकून पुरती दोन मिनिटंही झाली नव्हती.

पुढचं मला सांगून कळलं. सून जिन्यात जाऊन ओरडली. खालच्या मैत्रिणीचा नवरा आणि त्याच्या गॅरेजातला एक माणूस वर आले, त्यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन मजले खाली उतरवलं आणि टेम्पोत घालून पिंपरीला नेलं. ज्याच्या बायकोला माझी साथीदार ठरवलं होतं, त्याच्याच टेम्पोत माझं डोकं मांडीवर घेऊन सूनबाई बसल्या होत्या. नात मैत्रिणीकडे राहिली. मुलगा चाकणहून निघाला तो मोशीच्या ट्रॅफिकमधे अडकला. तो पोचला तेव्हा मला रक्ताची दुसरी बाटली लागली होती.

घशातून दुर्बीण घातली. पोटाची डॉक्टर एक पोरगेलीशी बाई होती, पण माझ्याकडे बघून बोलत होती. सून तिला म्हणाली, "यांना मिश्रीची सवय होती." म्हणजे अजूनही तेच, बघा. डॉक्टरीण म्हणाली, "मिश्रीनं अशी शी होत नाही. हे रक्त आहे. वर जठरात सुटतं आणि खाली येईपर्यंत काळं पडतं. कधीपासून होत होतं हे? घरात कुणी बघितलं नाही?"

मला बोलायची गरजच नव्हती, माझं सगळं तिनंच बोलून टाकलं होतं.

जठरात अल्सर होता, जखम. आणि एक जंतू सापडला. तो म्हणे वर्षानुवर्षं पोटात घर करून राहतो, आपल्याकडे कितीतरी माणसांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याच्या पोटात तो असला की धोका वाढतो. जंतू जठराचं अस्तर पोखरतो, गोळीही त्या अस्तराला इजा करते, आणि वर रक्त थांबूही देत नाही. दुखायलाच पाहिजे असं नाही. "पोटाची गोळी घेत होत्या ना?" डॉक्टरिणीनं विचारलं. माझा मुलगा फरशीकडे बघायला लागला.

सून म्हणाली, "मग ती अ‍ॅस्पिरिनच कायमची बंद करून टाका."

"मनानं अजिबात बंद करायची नाही," डॉक्टरीण म्हणाली. "हृदयात स्टेंट आहे. तिकडे गुठळी झाली तर मला काही करता येणार नाही. थोडे दिवस थांबवू, हार्टच्या डॉक्टरांशी बोलून परत सुरू करू. पोटाची गोळी रोज. आणि जंतू मारायचा." म्हणजे इकडे आड तिकडे विहीर, आणि मी मधल्या कठड्यावर.

जंतू मारायची औषधं दोन आठवडे घेतली. मूठभर गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. तोंडात सारखी तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव, अन्नावर वासना नाही. त्या गोळ्या सून मोजून हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. पहाऱ्याची सवय लागली होती तिला. नंतर काही आठवड्यांनी जंतू गेला की नाही ते तपासायचं होतं, आणि ते कशावरून तपासतात? शीवरूनच. त्या नमुन्याची डबी लॅबमधे पोचवायची कुणी? मुलगा पहिल्या पाळीला. मग सूनबाईंनी हिंजवडीची कॅब बुडवली, डबी तीन पिशव्यांत गुंडाळली आणि ऑफिसच्या पर्समधून घेऊन गेल्या. मी खिडकीतून बघत होते. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जंतू गेला होता. अ‍ॅस्पिरिन परत सुरू झाली आहे, आणि आता शीचा रंग रोज सकाळी मीच बघते, दुसऱ्या कुणाची वाट बघत नाही.

सुनेनं माफी मागितली नाही. मागितली असती तर मी दिलीही नसती, त्यामुळे ते बरंच झालं. पण शब्दाला पक्की निघाली. मी घरी आले त्याच आठवड्यात पाळणाघर बंद केलं, आणि माझ्या अंगात ताकद येईपर्यंत दुपारचं काम घरून करायची परवानगी काढली. शाळेची बस परत आमच्या गेटवर थांबायला लागली.

पहिल्या दिवशी नात वर आली, दप्तर टाकलं, जेवली. मी तेलाची वाटी आणि फणी घेऊन बसले आणि म्हटलं, ये, वेणी घालते. ती आली, माझ्यापुढे बसली, आणि माझा हात केसांना लागायच्या आत मान काढून बाजूला सरकली. मला वाटलं खेळते आहे. मी परत हात पुढे केला, तर दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"आजी, डोक्याला नको ना. तुझा हात लागला की मला ताप येतो. मम्मीनं सांगितलंय."

मी फणी खाली ठेवली. रक्ताच्या बाटल्या चढवून, नळी घशात घालून, जंतू मारून मला परत उभी केली होती ती कशासाठी? मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, आणि सुनेसमोर तर नाहीच, पण ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

ती बाहेर आली. मला वाटलं, आता पोरीला समजावेल, नाहीतर मला काहीतरी सांगेल. ती येऊन माझ्यापुढे जमिनीवर बसली, पाठ माझ्याकडे केली आणि आपल्या केसांची क्लिप काढली.

मी तेल घेतलं आणि तिच्या डोक्यावर घातलं. दोन्ही हातांनी चोळलं. आमच्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच तिच्या डोक्याला हात लावत होते. मग वेणी घातली. नात डोक्यावरचे हात काढून, उकिडवी बसून, आधी माझ्या हातांकडे आणि मग आईच्या तोंडाकडे बघत होती. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं असावं.

"मम्मी, दुखतंय का गं?"

"नाही," सून म्हणाली.

दुखत होतं. मी चांगले मुळापासून ओढून ओढूनच केस आवळले होते. ती वेणी होईपर्यंत बसून राहिली, मग उठली, आणि तिच्या जागेवर नात येऊन बसली.